वाईट झाडत नाही

आमच्या थॉर्नशॉत कुणी कुणाची स्तुती करत नाही. अगदीच करायची वेळ आली, तर माणूस आधी खिडकीबाहेर बघतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "वाईट नाही." एवढं कानावर पडलं की ऐकणारा आठवडाभर खुशीत असतो. दफनाच्या वेळी पाद्र्याने गेलेल्या माणसाला "तसा बरा होता" म्हटलं, की त्याची बायको पाद्र्याला मुद्दाम चहाला थांबवून घेते. दुसऱ्याच्या स्तुतीची ही गत, मग स्वतःच्या स्तुतीचं काय विचारता? यॉर्कशायरच्या या खोऱ्यात लोक दारू पिऊन गटारात पडलेल्याला दुसऱ्या दिवशी माफ करतात, पण "मी माझ्या कामात हुशार आहे" असं म्हणणाऱ्याच्या नातवंडांकडेसुद्धा वाकड्या नजरेने बघतात.

जॅनीन बूथरॉइड याच मातीतली. वय अडतीस, नखं कायमची काळी, धंदा धुराडी झाडण्याचा. बाप हेच करायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून चौदाव्या वर्षापासून दर शनिवारी जॅनीन त्याच्याबरोबर जायला लागली, आणि तो गेल्यावर त्याची व्हॅन, त्याच्या वेताच्या काठ्या, ब्रश आणि गिऱ्हाईकं असं सगळंच तिच्याकडे आलं. इथली घरं दगडी, भिंती दमट, आणि घरोघरी शेगडी. वर्षातून एकदा दोनशे दहा घरं तिची वाट बघायची. ती गालिच्यावर चादर अंथरायची, काठीला काठी जोडत ब्रश वर सारायची, आणि शेवटी अंगणात जाऊन ब्रशाचं टोक धुराड्याच्या तोंडातून बाहेर आलंय का ते बघायची. ती निघून गेल्यावर घरात काजळीचा कण सापडायचा नाही. तिच्या कामात खोट काढणारा माणूस अख्ख्या खोऱ्यात नव्हता, आणि तसं तोंडाने कबूल करणाराही नव्हता.

शिवाय लग्नं असायची. नवरी चर्चमधून बाहेर पडताना धुराडं झाडणारा समोर दिसला, तर संसार सुखाचा होतो असं आमच्याकडे मानतात. तो योगायोगाने दिसायला हवा, म्हणून नवरीची आई चार महिने आधी फोन करून योगायोग ठरवून ठेवते. ठरल्या दिवशी जॅनीन गालाला काजळी फासून, खांद्यावर ब्रश टाकून फाटकाशी उभी राहायची, नवरीच्या गालाचा मुका घ्यायची, आणि तीस पौंड व केकचा तुकडा घेऊन घरी यायची.

एप्रिलमध्ये तिचा नवरा क्रेग गेला. तो लोकांची स्वयंपाकघरं बसवून द्यायचा. डॉनकॅस्टरच्या एका बाईचं स्वयंपाकघर बसवायला म्हणून गेला, सहा आठवडे बसवतच राहिला, आणि शेवटी तिथेच राहिला. जाताना त्याने टीव्ही नेला आणि मासे धरायच्या काठ्या मागच्या खोपट्यात ठेवल्या. त्याच्या मते यात मोठा समजूतदारपणा होता.

जॅनीनने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. शेजारची बेरिल हार्डकॅसल कुंपणावरून विचारायची, "क्रेग दिसला नाही गं बऱ्याच दिवसांत?"

"कामावर आहे."

"आणि तू कशी आहेस?"

"मजेत."

पाचव्या आठवड्यात बेरिल मटणाची पाई, म्हणजे मटण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी, घेऊन दारात उभी राहिली. "जास्तीची झाली होती," म्हणाली, आणि पाई हातात देऊन निघून गेली. आमच्याकडे संकटात सापडलेल्याला कुणी मुद्दाम काही करून नेत नाही, नेहमी जास्तीचंच झालेलं असतं. त्या पाईवरून जॅनीनला कळलं की गावाला कळलंय.

मग जूनमधली तीन लग्नं रद्द झाली. म्हणजे लग्नं झाली, योगायोग रद्द झाले. "तसं काही नाही गं," एका नवरीची आई फोनवर म्हणाली, "पण तू हल्ली फार कामात असशील, उगाच तुला कशाला त्रास." नवऱ्याने टाकलेल्या बाईचा शकुन कोण घेणार, हे ती बोलली नाही. जॅनीननेही ऐकलं नाही असं दाखवलं आणि वर "अभिनंदन" म्हणाली.

घरात आता ती आणि सात वर्षांची एल्सी. एल्सीची शाळा सव्वातीनला सुटते. जॅनीनचा सगळा धंदा त्या सव्वातीनभोवती बांधलेला: सकाळी नऊला पहिलं घर, अडीचला शेवटचं, मग तोंड पुसून शाळेच्या फाटकाशी. एका माणसाच्या कमाईत भाडं भागेना. शेवटी बेरिलने कुंपणाला कोपर टेकवून विषय काढला.

"सरकारी भत्ता माग ना. काम करणाऱ्यांनाही मिळतो आता."

"आपल्याला नको कुणाचं फुकटचं."

"फुकटचं कसलं? तुझ्या बापाने पन्नास वर्षं कर भरला. तो काय राणीच्या टोपीसाठी होता?"

हे बोलणं जॅनीनला पटलं. बापाचा विषय निघाला की तिला लवकर पटायचं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. त्यात आधी आपण एकट्या आहोत हे सिद्ध करायचं होतं, आणि एकटं असणं सिद्ध करायला दुसरं माणूस लागतं हे तिला तेव्हा कळलं. क्रेगकडून पत्र आणायला सांगितलं. त्याने मोबाइलवर लिहून पाठवलं, "हो, मी गेलोय." मग भत्त्याच्या कचेरीने विचारलं की त्याच्या मासे धरायच्या काठ्या अजून खोपट्यात का आहेत. जॅनीनने लिहिलं, "हे मलाही त्याला विचारायचं आहे."

खरी मेख पुढे होती. स्वतःचा धंदा असेल तर तो खरा आहे की नाही हे कचेरी ठरवणार. खरा ठरला, तर वर्षभर सवलत: तुम्ही जे कमवाल ते कमवा, भाड्याला कमी पडेल ती भर कचेरी घालील. खरा ठरला नाही, तर तो छंद. छंदवाल्या माणसाला भत्ता हवा असेल तर त्याने नोकरी शोधायची आणि मिळेल ती घ्यायची. थॉर्नशॉत मिळेल ती नोकरी एकच, हमरस्त्यावरच्या पार्सलांच्या गोदामात, दुपारी बारा ते रात्री आठ. तेव्हा सव्वातीनला एल्सीच्या शाळेच्या फाटकाशी कोण उभं राहणार, आणि बापाच्या काठ्यांचं काय करायचं, याचा नियमांत उल्लेख नव्हता.

जुलैमध्ये मुलाखत झाली. टेबलापलीकडे टॅमसिन नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. मनाने चांगली, चेहऱ्यावर हसू, पण दक्षिणेकडची, लंडनच्या बाजूची. तिकडे लोक दात घासण्याबद्दलसुद्धा "मला याची मनापासून ओढ आहे" असं म्हणतात. आमच्या बोलण्यातून खरा अर्थ कसा काढायचा हे शिकवणारा वर्ग कचेरीने काढलेला नाही. टॅमसिन जे ऐकायची ते टंकायची.

"तुमच्या व्यवसायाचं थोडक्यात वर्णन कराल?"

"व्यवसाय कसला अहो. थोडीफार झाडलोट."

टॅमसिनची बोटं चालली. "या कामात तुम्ही किती कुशल आहात?"

जॅनीन लाल झाली. असा प्रश्न तिला डॉक्टरनेही कधी विचारला नव्हता. "जमतं आपलं," ती म्हणाली.

"गिऱ्हाईकं किती?"

"येतात आपली दोन-चार."

"आणि लग्नांत तुम्ही नेमकं काय विकता?"

"विकत काही नाही. नुसती उभी राहते. केक देतात."

"व्यवसाय वाढवायची काही योजना?"

"कशाला? धुराडी आहेत तेवढीच आहेत."

"नफ्याची अपेक्षा?"

"पोटापुरतं निघालं म्हणजे झालं. तक्रार नाही."

टॅमसिनने शेवटच्या तीन महिन्यांचा हिशेब मागितला. शेवटचे तीन महिने म्हणजे मे, जून आणि जुलै. त्या महिन्यांत थॉर्नशॉत धुराडं झाडून घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर घर विकायला काढलेला. जॅनीनने सांगितलं की सप्टेंबर लागला की फोन खाली ठेवायला मिळत नाही. ते तिने आपल्या पद्धतीने सांगितलं, म्हणजे "पुढे जरा बरं असतं" असं म्हणाली. तेही टॅमसिनने टंकलं.

उठताना टॅमसिनने तिचा हात हातात घेतला. "तुम्ही फार छान बोललात," म्हणाली. जॅनीन बाहेर आली ती अगदी समाधानाने. बढाईचा एक शब्द तोंडातून गेला नाही, बापाचं नाव राखलं, असं तिला वाटत होतं.

ऑगस्टमध्ये निकाल आला. "आपला धुराडी झाडण्याचा छंद आपल्याला आनंद देत राहो अशी शुभेच्छा," अशी सुरुवात होती. खाली लिहिलं होतं की हरकत असेल तर तीस दिवसांत गिऱ्हाईकांची शिफारसपत्रं आणून द्यावीत.

बेरिलने पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "छंद? टपाल तिकिटं जमवतेस का तू?"

"जाऊ दे ना."

"जाऊ कसं दे? तिथे गेलीस आणि काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. जमतं म्हणून."

"अगं बये, तिथे तसं बोलून चालत नाही. तिथे जाऊन म्हणायचं, माझ्यासारखी झाडणारी अख्ख्या यॉर्कशायरात नाही."

"असं म्हणतात?"

"म्हणतात तिकडचे. मी टीव्हीवर पाहिलंय."

"मग तू म्हणून दाखव. माझ्यासारखी पाई करणारी यॉर्कशायरात नाही, असं म्हण."

बेरिल कुंपणावरचा वेल नीट करायला लागली. "पत्रंच मागव तू," ती म्हणाली.

पत्रं मागणं म्हणजे जॅनीनला कपडे काढून बाजारातून चालण्यासारखं वाटत होतं. तिने एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. "वेळ असला तर दोन ओळी लिहाल का? नसला तर राहू दे. खरं म्हणजे राहूच दे." तरी अकरा पत्रं आली, आणि लोकांनी ती जीव ओतून लिहिली होती. एकाने लिहिलं, "झाडते. वाईट झाडत नाही." दुसऱ्याने, "हिच्यापेक्षा वाईट लोक पाहिले आहेत." शाळामास्तरीण असलेल्या बाईने लिहिलं, "आतापर्यंत काही म्हणण्यासारखं घडलेलं नाही." अर्नेस्ट क्रॅबट्री या सत्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने तर कमाल केली. आयुष्यभर दगडाच्या खाणीत काम केलेला हा माणूस, जीभही त्याच दगडाची. त्याने लिहिलं, "बूथरॉइडची पोर माझं धुराडं सोळा वर्षं झाडते आहे. घर अजून उभं आहे." जॅनीनने हे पत्र व्हॅनमध्ये बसून दोनदा वाचलं. म्हाताऱ्याने एवढं आपल्या बायकोबद्दलही कधी म्हटलेलं नव्हतं.

टॅमसिनने अकरा पत्रं लक्षपूर्वक वाचली आणि तिच्या चेहऱ्यावर करुणा पसरली. "असं असूनही तुम्ही जिद्दीने काम करता, याचं मला कौतुक वाटतं," ती म्हणाली. मग तिने टंकलं: ग्राहकांचं मत मध्यम ते साशंक. प्रकरण वरच्या साहेबांकडे जाईल, निर्णयाला आठ आठवडे लागतील, आणि तोपर्यंत जॅनीनने नोकरीसाठी लागणाऱ्या आत्मविश्वासाच्या वर्गाला यायचं, सोमवार ते गुरुवार, सकाळी साडेनऊ ते अडीच. एक दिवस जरी चुकला तरी तोवर मिळणारा भत्त्याचा हप्ताही बंद.

म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबर. सगळं खोरं थंडीआधी धुराडं झाडून घेतं ते याच दोन महिन्यांत.

तो वर्ग म्हणजे एक मासलाच होता. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी प्रत्येकाला कागद दिला आणि त्यावर स्वतःचे पाच गुण लिहायला सांगितले. नऊ जण होते, सगळे आमच्या खोऱ्यातले. वीस मिनिटं कुणी मान वर केली नाही. एका निवृत्त गवंड्याने "दोन हात" असं लिहिलं. जॅनीनने "वेळेवर येते" असं लिहिलं, जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खोडून टाकलं. शिकवणारा म्हणाला, तुमच्यात आत्मविश्वासाची भयंकर कमतरता आहे. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

हातात राहिला फक्त शुक्रवार. जॅनीनने वही घेऊन गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली, यंदा जमणार नाही हे सांगायला. क्रॅबट्रीचा नंबर लागला तेव्हा ती सतरावा फोन करत होती.

"मिस्टर क्रॅबट्री, तुमची नऊ तारीख होती. नाही जमायचं मला. माफ करा हं."

"आजारी आहेस?"

"नाही. वर्ग आहे सरकारी. माझा धंदा खरा नाही म्हणतात. छंद म्हणून धरलाय."

"माझं पत्र गेलं नाही का त्यांना?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गेलं की. तुमचं पत्र फार चांगलं होतं."

"तेच म्हणतो मी. एवढं डोक्यावर घेऊन लिहिलं, तरी कळेना त्यांना?" तो खोकला. "मग माझ्या धुराड्याचं काय?"

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा यंदा. हॅलिफॅक्सला एक आहे म्हणतात."

"सोळा वर्षं नऊ तारीख आहे माझी. मी हॅलिफॅक्सच्या माणसाला घरात घेईन होय?" आणि त्याने फोन ठेवला.

इथे आमच्या लोकांचा एक गुण सांगायला हवा, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. तोंडावर आम्ही गाईसारखे गरीब. हॉटेलात गार सूप आलं, त्यात माशी पोहताना दिसली, आणि वाढणाऱ्याने "कसं आहे?" विचारलं, तर आम्ही म्हणतो, "छान, छान." पण घरी गेल्यावर कागद पुढे ओढला की प्रत्येकाच्या अंगात वकील संचारतो. तारीख, वेळ, माशीचा आकार, सगळं येतं. कौतुक लिहायला बसवलं तर दोन ओळींत घाम फुटतो, आणि तक्रार लिहायला बसवलं तर पुरवणी जोडावी लागते. क्रॅबट्री त्यातला पट्टीचा. बस कंपनी, पालिका, हवामानाचा अंदाज सांगणारी बाई, सगळ्यांना त्याची पत्रं गेलेली, प्रत्येक पत्राची नक्कल बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेली.

त्याने भत्ता कचेरीला चार पानं लिहिली. मग हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या म्हाताऱ्यांच्या क्लबात गेला, आणि चहाच्या रांगेत ज्या-ज्या माणसाचं धुराडं अडलं होतं त्याच्या हातात कचेरीचा पत्ता ठेवला. "मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण गैरसोय ती गैरसोय."

जॅनीनला यातलं काही माहीत नव्हतं. ती वर्गात बसून अनोळखी माणसाशी हस्तांदोलन कसं करावं ते शिकत होती. वीस ऑक्टोबरला तिला पत्र आलं. "आपल्या व्यवसायाविरुद्ध मोठ्या संख्येने तक्रारी आल्या आहेत. खुलाशासाठी गुरुवारी हजर राहावं."

इतक्या वर्षांत एक तक्रार नव्हती. बेरिलला तिने पत्र दाखवलं तेव्हा बेरिल वेलाची पानं मोजत असल्यासारखी खाली बघत होती, कारण तिने स्वतःही एक लिहिली होती. ते ती बोलली नाही. बोलली असती तर जॅनीनची तीन दिवसांची झोप वाचली असती, पण चांगुलपणा करताना पकडलं जाणं आमच्याकडे चोरी करताना पकडलं जाण्यापेक्षा वाईट.

त्या तीन दिवसांत जॅनीनने कचेरीमार्फत गोदामाचा अर्ज भरून ठेवला. गुरुवारी सकाळी एल्सीची वेणी घालताना तिने सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून कदाचित बेरिलमावशी येईल तुला शाळेतून आणायला."

"आणि तू?"

"मी पार्सलं लावीन."

"पण तुला तर धुराडी झाडता येतात," एल्सी म्हणाली. जॅनीनने वेणीचं शेवटचं पेड जरा जास्तच घट्ट ओढलं.

टॅमसिनच्या टेबलावर चांगली वीतभर जाडीची फाइल होती. टॅमसिनचा चेहरा पडलेला होता. वाईट बातमी हळू सांगायचं प्रशिक्षण तिला मिळालेलं होतं, त्याप्रमाणे तिने आधी पाणी पुढे केलं.

"सत्तेचाळीस आहेत," ती म्हणाली. "नियम असा आहे की प्रत्येक तक्रार मी तुम्हाला वाचून दाखवायची आणि तुमचं म्हणणं नोंदवायचं. त्रास होईल, पण दुसरा इलाज नाही."

"वाचा," जॅनीन म्हणाली, आणि पर्स मांडीवर धरून बसली.

"पहिली. अर्नेस्ट क्रॅबट्री. ही जरा लांब आहे." टॅमसिनने घसा साफ केला. "'महोदय, गेली सोळा वर्षं ही बाई नऊ ऑक्टोबरला सकाळी नऊला माझ्या दारात उभी असते. घड्याळ लावावं इतकी नेमकी. या सवयीमुळे मी दुसरा कुणी माणूस शोधून ठेवला नाही, हे माझं नुकसान. हिचा बाप झाडायचा तेव्हा गालिच्यावर थोडी काजळी पडायची आणि ती साफ करण्यात माझा दिवस जायचा. ही आल्यापासून मला ते कामही उरलेलं नाही. आता तुम्ही तिला कुठे बसवून ठेवलं आहे? माझी शेगडी बंद आहे. याला जबाबदार कोण?'"

टॅमसिनने पुढचा कागद उचलला.

"दुसरी, एका शिक्षिकेची. 'मी हॅलिफॅक्सच्या माणसाला बोलावलं. त्याने बारा मिनिटांत काम उरकलं, आणि माझे पडदे आता राखाडी आहेत. बूथरॉइडबाईंनी आम्हाला लावलेल्या सवयी महागात पडत आहेत.' तिसरी. 'मी ऑगस्टपासून फोन करतोय. नेहमी आठ आठवडे थांबावं लागतं. एका बाईला एवढी मागणी असणं हे गैर आहे.' चौथी, नाव हार्डकॅसल. 'शेजारी राहूनही मला रांगेत थांबावं लागतं, वशिला चालत नाही.'"

"बेरिल?" जॅनीन म्हणाली.

"ओळखीच्या आहेत का? तेच जास्त लागतं मनाला, मला कळतं." टॅमसिन जरा पुढे झुकली. "एक सांगू का? यातून एक चांगलं निघालंय. या तक्रारी संगणकात चढवायला गेले तर त्याने घेतल्याच नाहीत. छंदाविरुद्ध तक्रार नोंदवता येत नाही, तसा रकानाच नाही. आणि प्रत्येक तक्रार नोंदवायलाच हवी, असा सक्त नियम. शेवटी वरच्या साहेबांनी तुमचा धंदा खरा म्हणून मंजूर केला, मे महिन्यापासून. सवलत मिळेल, वर्गाला यायची गरज नाही, नोकरी शोधायची गरज नाही. गोदामाचा अर्ज मी काढून टाकते."

जॅनीनने मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. "म्हणजे मी उद्या झाडायला जाऊ शकते?"

"आजसुद्धा. पण आधी हे संपवावं लागेल. त्रेचाळीस राहिल्यात."

टॅमसिन वाचत गेली. एकाचं पोर ब्रश धुराड्यातून वर आलेला बघायला दर वर्षी अंगणात उभं राहायचं, यंदा ते रुसलं होतं, याची भरपाई कोण देणार? एकाच्या कुत्र्याला दुसऱ्या कुणाची शिट्टी आवडत नव्हती. एका बाईने धुराडं झाडल्याच्या प्रमाणपत्रावरच्या जॅनीनच्या अक्षराबद्दल लिहिलं होतं की ते इतकं स्वच्छ आहे की विमा कंपनीला हरकत घ्यायला जागाच मिळत नाही. टॅमसिन प्रत्येकीनंतर हळहळत थांबायची आणि विचारायची, "पुढची वाचू ना?" जॅनीन मान हलवायची. ही सगळी घरं तिची होती. त्यांच्या शेगड्या, त्यांची अंगणं, त्यांचे चहाचे कप तिला पाठ होते, आणि त्या घरांना आपण इतक्या हव्या आहोत हे तिला आज कळत होतं.

"शेवटची," टॅमसिन म्हणाली. "मिसेस विनिफ्रेड शटलवर्थ, वय ब्याण्णव. अक्षर जरा थरथरतं आहे. 'माझी तक्रार हिशेबाची आहे. ही बाई काम झाल्यावर माझी शेगडी पेटवते, माझ्यासाठी चहा ठेवते आणि माझ्या समोर बसून तो पिऊन होईपर्यंत थांबते. हे सगळं बिलात कधीच लावत नाही. बारा वर्षांचं थकलेलं आहे. माझ्या वयाच्या बाईला असं कुणाच्या ऋणात ठेवणं बरोबर नाही. सून म्हणते, दुसऱ्याला बोलव. मी बोलावणार नाही, गारठून मरीन. कचेरीने तिला ताबडतोब माझ्याकडे पाठवावं आणि पैसे घ्यायला लावावेत.'"

टॅमसिनने कागद खाली ठेवला तेव्हा जॅनीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एप्रिलपासून ते कुठे अडकलं होतं कोण जाणे. क्रेग गेला तेव्हा आलं नव्हतं, योगायोग रद्द झाले तेव्हा आलं नव्हतं, सकाळी वेणी घालतानाही तिने ते मागे सारलं होतं. आता ते थांबेना, आणि ती पुसायलाही हात उचलेना.

टॅमसिन घाबरली. तिने कागदी रुमालांचा अख्खा डबा पुढे केला आणि नियमात बसत नसतानाही तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असं मनावर घेऊ नका हो," ती म्हणाली. "लोक बोलतात. तुम्ही तुमच्या परीने चांगलंच करत असाल."

"हो," जॅनीन नाक पुसत म्हणाली.

"फक्त एक सही राहिली. इथे, 'व्यावसायिकाचं म्हणणं' असा रकाना आहे. तुम्हाला काही खोडून काढायचं असेल तर लिहा. सगळ्या सत्तेचाळिसांना मिळून एकच उत्तर दिलं तरी चालेल."

जॅनीनने पेन घेतलं. तिने आधी खिडकीबाहेर बघितलं, घसा खाकरला. मग काळ्या नखांच्या हाताने, विमा कंपनीला हरकत घेता येऊ नये अशा अक्षरात तिने लिहिलं, "तक्रारी मान्य आहेत," आणि खाली सही केली.